उतार न मोजताच ओढ्याला भिंती

अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या डोंगरातले पाणी तळ्यात अडवून जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. त्या सगळ्या व्यवस्थेत पंप नव्हता. होता तो फक्त उतार. तो जास्त झाला असता तर पाण्याच्या जोराने नळ खरवडला असता, आणि कमी पडला असता तर गाळ बसून वाट तुंबली असती. मधे हवेसाठी उच्छ्वास ठेवून, गाळ बसायला जागा ठेवून ते पाणी काही मैल चालवत गावात आणणाऱ्यांना उताराचे गणित पक्के ठाऊक होते, यात शंका नाही. याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचा प्रवाहही वळवला गेला.

आज त्याच पुण्याजवळ उपग्रहांनी मोजलेल्या उंच्या आहेत, संगणक आहेत आणि भूमाहितीशास्त्र शिकवणाऱ्या संस्थांची वानवा नाही. तरी शहरात ओढ्याचा विचार होतो तो रुंदीचा. पूररेषा किती मीटरवर, भिंत कुठे, भिंतीपासून बांधकाम किती लांब, यावर सभा गाजतात. ओढा कोणत्या टप्प्यात किती उतरतो, हे मात्र कुणी विचारत नाही. आंबिल ओढा भिलारेवाडी, गुजरवाडीच्या डोंगरउतारावरून धावत येतो, कात्रजच्या तळ्यात थबकतो, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर करत दांडेकर पुलापाशी येतो आणि मुठेला मिळतो. एवढ्या वाटेत त्याचा स्वभाव अनेकदा बदलतो. त्याला वरपासून खालपर्यंत एकाच मापाची काँक्रीटची चाकोरी घालणे हा त्याच्या स्वभावाचा अपमान म्हणून सोडून देता येईल, पण पाणी ते सोडून देत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ते पुण्याने पाहिले. कात्रज परिसरात काही तासांत प्रचंड पाऊस झाला, तळे भरून वाहिले आणि आंबिल ओढा दोन्ही काठांच्या वस्त्यांत शिरला. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्याआधी जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगर फोडलेल्या आणि ओहोळ बुजवलेल्या उतारावरून आलेल्या लोंढ्यात सातारा रस्त्यावरून एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या होत्या. दोन्ही वेळा पावसाच्या मिलिमीटरांची चर्चा झाली. पाऊस कोणत्या उतारावर पडला आणि वाटेत त्याला कुठे विसावा उरला होता, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

पुरानंतर उपाय आले ते भिंतींचे, आणि दांडेकर पुलाजवळ प्रवाह सरळ करण्याचे. २४ जून २०२१ ला तिथल्या घरांवर बुलडोझर चालला, रहिवासी रस्त्यावर उतरले, न्यायालयाची स्थगिती आली. पुनर्वसनाचा आणि घरांचा प्रश्न मोठा होता आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण प्रवाह सरळ करण्यामागच्या गणिताकडे फारसे कुणी पाहिले नाही. ते शाळकरी आहे.

समजा, वळणे घेत जाणारा ओढ्याचा एक टप्पा १,००० मीटर लांब आहे आणि तेवढ्यात तो १० मीटर उतरतो. उतार झाला १ टक्का. वळणे काढून तोच टप्पा ७०० मीटरचा केला, तर वरचे आणि खालचे टोक जिथल्या तिथे असल्यामुळे उतरायचे ते १० मीटरच. उतार झाला साधारण १.४ टक्के. पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे निव्वळ सरळ केल्याने वेग जवळपास वीस टक्क्यांनी वाढला. आता तळाचे धोंडे, झुडपे, मुळे काढून गुळगुळीत काँक्रीट केले, की घर्षण निम्म्याहून कमी होते आणि तेवढ्याच खोलीचे पाणी दुपटीहून अधिक वेगाने सुटते. भिंतीच्या आतल्या वस्तीला दिलासा मिळतो हे खरेच. पण ते पाणी खालच्या पुलापाशी आधीपेक्षा लवकर आणि एकदम पोचते. वरच्या मोहल्ल्याचा पूर खालच्या मोहल्ल्यात ढकलण्याला पूरनियंत्रण म्हणायचे असेल, तर गोष्ट वेगळी.

हा उतार काढायला आता फारसा खर्च येत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारने टिपली. ती माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांत आज कुणालाही फुकट मिळते. आपल्या कार्टोसॅट-१ या २००५ साली सोडलेल्या उपग्रहाच्या चित्रांवरून तयार झालेले उंचीचे प्रारूप इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. उंचीच्या प्रारूपातले खोटे खड्डे आधी भरून घ्यायचे, प्रत्येक चौकोनातले पाणी शेजारच्या कोणत्या चौकोनात उतरेल ते संगणकाला काढायला लावायचे, जिथे पुरेशा चौकोनांचे पाणी जमते तिथे ओढ्याची रेघ उमटते. त्या रेघेचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे करून दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक लांबीने भागला, की झाला उतार. पाणलोटाची सीमाही याच कामात निघते. पदवीच्या विद्यार्थ्याला एका दुपारी राम नदीचा खाटपेवाडीपासून बाणेरपर्यंतचा उतार काढता येतो, आणि रंगीत नकाशा तर असा देखणा होतो की सादरीकरणात टाळ्या हमखास.

घात इथेच आहे. त्या नकाशातले आकडे बऱ्याच ठिकाणी खोटे असतात.

उपग्रहाच्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. डोंगरात, जिथे ओढा शंभर मीटरांत पंधरा मीटर उतरतो, तिथे ती चूक खपून जाते. पण सहकारनगरात किंवा पाषाणात शंभर मीटरांत एखादा मीटर उतरणाऱ्या टप्प्यावर तीन मीटरची चूक झाली, तर संगणकाच्या हिशेबात ओढा चक्क चढावर वाहू लागतो. शहरात त्यात आणखी भर. रडारला किंवा कॅमेऱ्याला दिसते ती जमीन नव्हे, तर इमारतींची गच्ची आणि काठच्या झाडांचा शेंडा. पूल आला की यंत्राला तो बांध वाटतो. त्यामागचा भाग ‘खड्डा’ समजून सॉफ्टवेअर तो भरून टाकते आणि नकाशावर तिथे सपाट तळे दिसते. जिथे ओढा स्लॅबखाली गडप झालाय, तिथे रेघ शेजारच्या रस्त्यावरून जाते. ३० मीटरच्या चौकोनांतून बारीक वळणेही सुटतात. त्यामुळे ओढ्याची लांबी कमी भरते आणि उतार खऱ्यापेक्षा जास्त निघतो.

सह्याद्रीच्या खडकाने तर सरासरी उताराची पुरती फजिती केली आहे. इथला काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला; थर जवळपास आडवे, काही टणक, काही भुसभुशीत. त्यामुळे घाटमाथ्यावरचा ओढा सारख्या उताराने येतच नाही. टणक थरावरून तो संथ, पसरट चालतो आणि थराची कड आली की धबकन खाली पडतो. एका किलोमीटरचा उतार ६ टक्के असे संगणकाने सांगितले, तर ते खरेही असते आणि निरुपयोगीही: नऊशे मीटर जवळजवळ सपाट आणि शेवटी एक पन्नास मीटरचा कडा, असे तिथे असू शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. दोन रेषांच्या मधे दडलेला दहा मीटरचा धबधबा तिथेही दिसत नाही.

माणसांना सरासरीवर भागवता येते. माशांना येत नाही.

मृग नक्षत्राच्या पहिल्या दमदार पावसात मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्यात लोक चढणीचे मासे धरायला निघतात, तेव्हा हे जवळून दिसते. नदीतले मासे गढूळ पाण्याच्या वासावर ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात चढतात आणि तिथल्या उथळ, ऊबदार पाण्यात अंडी घालतात. कोकणात याच मोसमाला काही भागांत वलगण म्हणतात. रस्त्याखालची मोरी पाहावी. सिमेंटचा नळ ओढ्याच्या तळापेक्षा वर बसवलेला, त्याच्या तोंडातून पाण्याची पातळ चादर हातभर खाली आपटते. त्या आपटण्याने खाली खळगा झालेला असतो आणि खळग्यात बोटाएवढ्या माशांची दाटी. एकेक उडी घेतो, नळाच्या कडेला आपटतो, पुन्हा पाण्यात. जो एखादा वर पोचतो त्याला नळातल्या गुळगुळीत पाण्यात टेकायला एकही दगड मिळत नाही आणि तो तसाच वाहून परत येतो. धरणाऱ्यांना ती जागा सोयीची, कारण झोळी लावायचेही कष्ट नाहीत.

मासा सपाट्याने पोहतो तेव्हा साधारणपणे सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापतो, तेही काही सेकंदच. म्हणजे सात सेंटिमीटरचा मासा जीव खाऊन पोहला तरी सेकंदाला पाऊण मीटरच्या आत. नैसर्गिक ओढ्यात तो दगडाआड दम खातो, पुढच्या दगडापर्यंत धाव घेतो, पुन्हा दम खातो. म्हणून खडबडीत तळाचा ४ टक्क्यांचा ओढा त्याला चढता येतो आणि काँक्रीटचा १ टक्क्याचा नाला येत नाही. उताराचा आकडा तळाशी जोडून वाचला नाही तर त्यातून माशाविषयी काहीच कळत नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जंगलतोडीच्या नियमांत ही गोष्ट थेट आकड्यात बांधली आहे. राज्याच्या पश्चिम भागात दोन फूट किंवा त्याहून रुंद आणि १६ टक्के किंवा त्याहून कमी उताराच्या ओढ्यात मासे असतील असे गृहीत धरले जाते. नसतील तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तोडणाऱ्याची. त्याच भागातल्या पर्वतीय ओढ्यांवरून माँटगोमेरी आणि बफिंग्टन या अभ्यासकांनी १९९७ साली उतारावरून ओढ्याचे रूप ओळखण्याची पद्धत मांडली: दीड टक्क्याच्या आतबाहेर डोह आणि खळाळ आलटून पालटून, ३ टक्क्यांच्या वर पायऱ्या आणि कुंडे, साडेसहाच्या वर सगळा धबाबा. सामन माशावर बेतलेले आकडे जसेच्या तसे मुळशीला लावणे हा शुद्ध आळस ठरेल. आपल्या माशांना आपले आकडे लागतील. पण मासे आहेत असे धरून चालायचे आणि नाहीत म्हणणाऱ्याने दाखवायचे, हा नियम उचलण्यासारखा आहे.

पुण्यातला कुणी अभियंता इथे हसून विचारेल, नाल्यात मासे कुठले? दांडेकर पुलाखाली ते हसू रास्त आहे. तिथे सांडपाण्यात तग धरतात ते डासांसाठी सोडलेले गप्पी आणि कुठूनतरी आलेले तिलापी, दोघेही संथ, मळकट पाण्यात खूष. पण भुकूमच्या वर राम नदीच्या माथ्याचे ओहोळ, कात्रज तळ्याच्या वरचे डोंगरओहोळ, मुठा-मोसेची खोरी यांची गोष्ट निराळी. आणि या शहराला माशांचा इतिहास नाही असे तर मुळीच नाही. कर्नल साइक्सने १८३०च्या दशकाअखेर दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा दख्खनी महासीराला शास्त्रीय नाव मिळाले ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या नमुन्यावरून. खुद्री, मळ्या, फुलुंगी ही इथल्या मासेमारांची नावे त्याने लॅटिन नावांत तशीच ठेवली. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर, १९६३ मध्ये तोणपी आणि मुल्हेरकर, या शतकाच्या सुरुवातीला वाघ आणि घाटे, खरात आणि दहाणूकर अशा अभ्यासकांनी याच नद्यांची पुन्हा पुन्हा मोजदाद केली. एका शहराच्या माशांची इतकी लांब नोंद देशात फार ठिकाणी नसेल. या नोंदींत पुढे पुढे देशी, वाहत्या पाण्याचे मासे कमी होत गेलेले आणि बाहेरून आणलेले वाढत गेलेले दिसतात. सांडपाणी, वाळूउपसा, १८७९च्या सुमारास पुरे झालेल्या खडकवासल्यापासूनची धरणे, ही कारणे सर्वांना माहीत आहेत. ओढ्यांतल्या चढणीच्या वाटा तुटल्या, हे कारण क्वचितच कुणी घेते.

दगडाला ओठ चिकटवून खळाळात टिकणारा मळ्या आणि खडी-गोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारा महासीर, दोघांना वेगवेगळे उतार लागतात. टाटा पॉवरने १९७०च्या दशकापासून लोणावळ्याला महासीराचे बीज तयार करण्याचे मोलाचे काम केले आहे. त्या पिलांना पुढे कुठे सोडायचे, हा प्रश्न उताराच्या नकाशाशिवाय सुटत नाही. तलावात सोडलेल्या महासीराला वर चढायला खळाळता ओढा उरला आहे का, त्या ओढ्यावर पहिला बंधारा किती अंतरावर, हे आधी पाहिले तर बीज सत्कारणी लागेल. देहूच्या डोहातल्या माशांना भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले, पण इंद्रायणीत वर जाण्याची वाट त्यांना भाविक देऊ शकत नाहीत.

पाणलोटाच्या कामात उताराचा नियम कागदावर जुनाच आहे. माथा ते पायथा हे सूत्र नालाबांध घालणाऱ्या प्रत्येक कृषी सहायकाला पाठ असते: वर तीव्र उतारावर दगडी बांध आणि गॅबियन (जाळीत बांधलेले दगड), खाली सौम्य उतारावर सिमेंट नालाबांध, त्यासाठी तळाचा उतार ३ टक्क्यांच्या आत. डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवारच्या धडाक्यात मात्र ओढा सरसकट खोल आणि सरळ करण्याची हौस गावोगाव पसरली. पोकलेन उतरला की दोन दिवसांत ओढ्यातले डोह, खळाळ, काठची करंज-उंबरे सगळे एका पातळीत. पाणी काही ठिकाणी मुरले, काही ठिकाणी शेजारच्या विहिरींतून ओढ्यात उतरले, हे भूजलतज्ज्ञ सांगत आले. माशाच्या दृष्टीने दोन-तीन मीटर उंच, सरळसोट भिंतीचा बंधारा म्हणजे रस्ता बंद. बंधाऱ्याच्या एका बाजूला सौम्य उताराने गोटे रचून खडबडीत उतरण केली तर पाणीही अडते आणि वाटही राहते. युरोपात ही रीत रुळलेली आहे. इथे त्याला सिमेंटपेक्षा दगडच जास्त लागेल, आणि दगडाला आपल्याकडे तोटा नाही.

मग काय करायचे? संगणकावरचा उतार ही पहिली चाळणी समजावी, निकाल नव्हे. डोंगरातले टप्पे त्यावरून ठरवता येतात. शहरात आणि गावठाणाजवळ माणसाने ऑटोलेव्हल हे उंची मोजायचे यंत्र खांद्यावर घेऊन ओढ्यात उतरलेच पाहिजे. दर पंचवीस-तीस मीटरला लेव्हल, प्रत्येक मोरीची दोन्ही तोंडे, प्रत्येक बंधाऱ्याचा माथा आणि पायथा, प्रत्येक डोहाची खोली. उन्हाळ्यात तळ उघडा असताना हे काम लहान पथकाला आटोपते. ड्रोनची तर पुणे जिल्ह्याला सवय आहे. गावठाणांच्या मोजणीचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि २०२० मध्ये ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. गावातल्या घराची हद्द मोजायला जे यंत्र उडते, तेच ओढ्यावरून उडवले तर जमिनीची उंची उपग्रहापेक्षा कितीतरी बारकाईने मिळते. २०२१ पासून अशा मोजणीवरचे परवान्यांचे निर्बंधही पुष्कळ सैल झाले आहेत.

मुळा-मुठेच्या काठाचा ४४ किलोमीटरचा सुशोभीकरण प्रकल्प चालू आहे आणि त्यावर हजारो कोटींचे आकडे ऐकू येतात. नदीला पाणी आणणारे ओढे त्या चित्रात जेमतेम दिसतात. महापालिकेने आंबिल ओढा, राम नदी, देवनदी, भैरोबा नाला, नागझरी, माणिक नाला यांचे एल-सेक्शन, म्हणजे उगमापासून संगमापर्यंतचा उंचीचा छेद, मोऱ्या, भिंती आणि पडण्यांसकट, संकेतस्थळावर टाकावेत. ते पीडीएफ चित्रात नकोत, सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा फाइलींत हवेत, म्हणजे कॉलेजातली पोरे आणि नदीप्रेमी संस्था त्यातल्या चुका शोधतील. ग्रामीण भागात जिल्हा परिषद आणि मृद-जलसंधारण विभागाला तेच बंधाऱ्यांबाबत करता येईल.

भिंत हवीच अशा जागा आहेत. २०१९ ची रात्र काढलेल्या टांगेवाला कॉलनीतल्या माणसाला वळणदार ओढ्याचे सौंदर्य समजावायला जाणारा मार खाऊन येईल, आणि ते योग्यच होईल. तिथे भिंत बांधताना तळ मात्र मोकळा ठेवता येतो, मोठे धोंडे परत टाकता येतात, मोरी ओढ्याच्या तळाच्या फूटभर खाली बसवता येते. वर कात्रजच्या बाजूला, जिथे अजून जागा आहे, तिथे पाण्याला पसरू देणारे सखल तुकडे राखून खालच्या भिंतीवरचा ताण कमी करता येतो. कोणता तुकडा राखायचा, हे उताराच्या छेदावर बोट ठेवून दाखवता येते: जिथे रेघ आडवी होते तिथे. नेमक्या त्याच सपाट जागा बांधकामाला सोयीच्या असतात आणि आधी विकल्या जातात, म्हणून छेद आधी आणि बांधकामाची परवानगी नंतर, हा क्रम लागतो.

पुढच्या उन्हाळ्यात नालेसफाईच्या निविदा निघतील. त्यात गाळाच्या घनमीटरांखाली एक बाब वाढवावी: काम सुरू करण्याआधीची आणि संपल्यावरची तळाची लेव्हल, दर तीस मीटरला, सहीनिशी. गाळ खरोखर किती निघाला हेही त्यातून आपसूक कळेल, त्यामुळे या बाबीला विरोध कुठून होईल याचा अंदाज बांधणे कठीण नाही.